व्हॉल्व्हच्या अलीकडे, पलीकडे

"व्हॉल्व्ह तुमचा आहे," ती म्हणाली.

"आणि गळती तुमची," तो म्हणाला.

दोघांचे आवाज मास्कमधून घोगरे, खूप दुरून आल्यासारखे येत होते. धुकं इतकं दाट की समोरासमोर उभे असूनही चेहरे विरघळल्यासारखे दिसत होते. मधे होतं ते फक्त व्हॉल्व्हचं, दवाने भिजलेलं लोखंडी चाक. चाकाच्या अलीकडे तेलविहीर खात्याची हद्द संपत होती, पलीकडे वाहिनी खात्याची सुरू होत होती. तो विहीर खात्याचा निरीक्षक, ती वाहिनी खात्याची. चाकापासून हातभर पुढे पाइपाला चीर गेली होती. एखादं मोठं जनावर झोपेत श्वास सोडतं, तसा तिच्यातून गॅस बाहेर पडत होता.

पहाटे एकाच पलंगाच्या दोन बाजूंना दोन फोन वाजले होते. नवरा-बायको उठले आणि दोन खात्यांच्या दोन गाड्यांतून एकाच जागी येऊन पोचले. त्यांच्या लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, या दोन खात्यांमध्ये झालेला आणि खरोखर अमलात आलेला हा एकच करार. लग्नानंतर दोघांनी घरात नियम केला होता, ऑफिस चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं. तो नियम आजवर मोडला नव्हता.

चाक फिरवलं की विहीर बंद. विहीर बंद झाली की गळती थांबणार. त्यात गूढ काहीच नव्हतं. पण तो फोन करायला चढावर, गाड्या लांब उभ्या केल्या होत्या तिथे गेला, तेव्हा त्याचे साहेब म्हणाले, "गळती त्यांची. त्यांनी लेखी मागितल्याशिवाय आपली विहीर बंद करायची नाही. शहराचा गॅस तुटला तर उत्तर कोण देणार?" मग ती गेली. तिच्या साहेबांनी सांगितलं, "व्हॉल्व्ह त्यांचा. दुसऱ्या खात्याच्या वस्तूला हात लावलात तर नोकरी गेली समजा. दुपारी बैठक आहे, तिथे ठरेल." खालच्या वस्तीला जागं करायचा भोंगा तिसऱ्याच खात्याकडे होता. त्यांचा फोन नुसता वाजत राहिला.

वारा पडला होता. विहिरीतून येणारा हा कच्चा गॅस जड होता, तो वर उडून जात नव्हता. धुक्याचा हात धरून तो उताराने खाली चालला होता, अगदी सावकाश, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने. खाली वस्तीची छपरं पालथ्या होड्यांसारखी पांढऱ्यात तरंगत होती. एकही पाखरू बोलत नव्हतं. तिला वाटलं, आपण अजून पलंगावरच आहोत. हे स्वप्न आहे, आणि स्वप्नात जसे काही केल्या हात हलत नाहीत तसेच आपले हात हलत नाहीत.

तेवढ्यात खाली एक खिडकी पिवळी झाली.

"कुणीतरी उठलं," ती म्हणाली. "आता चहासाठी काडी ओढतील."

त्याने चाकाला हात घातला. चाक गंजून बसलेलं होतं, जागचं हलेना. त्याच्या हातांशेजारी आणखी दोन हात आले.

"अगं, तू नको. तुझी नोकरी जाईल."

"ओढ," ती म्हणाली.

चाक आधी कण्हलं, मग फिरलं. फुसफुस बारीक होत गेली, होत होत थांबली. मागे एवढी शांतता उरली की गवतावरून ठिबकणारं दव ऐकू यायला लागलं. दोघं बराच वेळ चाक धरून तसेच उभे होते. खाली कुणीतरी खोकलं. भांडं पडलं. दार उघडलं आणि एक लहान मूल मनसोक्त रडायला लागलं. दोघंही आपापल्या गाडीत बसले.

शहरातल्या चुली एक दिवस थंड राहिल्या आणि बोंबाबोंब झाली. दोन्ही खात्यांना आता एक नाव हवं होतं, कुणाला तरी नोकरीवरून काढता येईल असं. चौकशी एका निवृत्त बाईंकडे आली. त्यांची अर्धी नोकरी या खात्यात झाली होती, अर्धी त्या खात्यात. घरी नवरा-बायकोने या विषयावर अवाक्षरही काढलं नव्हतं. नियम म्हणजे नियम.

दुपारची वेळ होती. खोलीतला पडदा फुगत होता, बसत होता. बाईंनी आधी त्याला आत बोलावलं.

"मी एकट्याने बंद केला," तो म्हणाला. "ती तोवर गाडीतून उतरलीही नव्हती."

मग तिला बोलावलं.

"मी एकटीने," ती म्हणाली. "तो वर फोनवर होता. त्याला काही माहीतच नाही."

बाईंनी चष्मा काढला. मग दाराशी जाऊन त्याला पुन्हा आत घेतलं आणि दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

"व्हॉल्व्ह कुणी बंद केला हे काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "त्यामुळे कुणाला काढताही येत नाही. जा, कामाला लागा."

दोघं उठले. बाईंचा आवाज मागून आला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"या दोन खात्यांत माझे केस पांढरे झाले. पण एकाच गोष्टीला दोन्हीकडून 'हे माझं' म्हणताना आज पहिल्यांदा ऐकलं."