पुसण्याआधी वाचा

“ते ओळ अजून एकडाव वाच,” बाबा म्हणाले.

आम्रपालीने वाचली. मूळ मजकूर इंग्रजीत होता. बाबांसाठी ती मराठी करून सांगत होती. ‘ज्या तक्रारीवर राखीव अशी खूण आहे, तिला हात लावायचा नाही. खूण ज्याने लावली, त्यानेच ती काढायची.’

भट्टीचं दार उघडल्यावर समोरच्याचा चेहरा उजळतो, तसे बाबा उजळले.

भिलाईच्या मरोद्यातल्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर हेच चाललं होतं. आम्रपाली घरी बसून रायपूरच्या एका कंपनीचं काम करायची. दवाखान्यांतली, शाळांतली यंत्रं बिघडली की तक्रार कंपनीकडे यायची आणि कॉम्प्युटरवर तिची नोंद व्हायची. आता वर्षाहून जुन्या नोंदी पुसायचं काम एआय एजंटांकडे जाणार होतं. हुकूम द्यावा आणि त्यांनी आपलं आपण काम उरकावं, असे ते प्रोग्रॅम. पुसायचं साधन तयार होतं. ते कधी चालवायचं, कधी नाही, हे एजंटांना समजेल असं लिहून देणं आम्रपालीकडे होतं. एकदा पुसलेलं परत येत नव्हतं. म्हणून ती दाण्यातला खडा वेचावा तसा एकेक शब्द वेचत होती.

शेजारच्या सिंधुताईंनी विचारलं होतं, हे एवढं वाचणार कोण? मशीन वाचणार, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, बरं आहे बाई, आमचं बोललेलं तर घरची माणसंसुद्धा ऐकत नाहीत.

खुणेची कल्पना बाबांची. वीस वर्षांपूर्वी ते कुम्हारीच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. मरोद्यात अजून त्यांना गुलाब फिटर म्हणूनच ओळखतात. रोलरमध्ये हात घालण्याआधी फिटरने मेन स्विचला आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा, काम झाल्यावर आपणच काढायचा, दुसऱ्याने त्याला शिवायचंही नाही, असा तिथला नियम. एका दुपारी भय्याजी नावाच्या ऑपरेटरने स्विच टाकला आणि बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत भय्याजी शेवटपर्यंत सांगत राहिला की टॅग नव्हता. बाबांनी सांगितलं, होता. दोन बोटं गमावलेल्या माणसापुढे त्याचं कोण ऐकणार? त्याची नोकरी गेली. उतईच्या बाजारात बाबा दिसले की तो अजून रस्ता बदलतो. लोक म्हणतात, लाजेने.

बाबांनी मात्र त्याच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. दरवर्षी सुरक्षा दिनाला मिलवाले त्यांना नव्या कामगारांपुढे उभं करायचे. बाबा हात वर धरून टॅगची गोष्ट सांगायचे, मग शाल, टाळ्या. लहानगी आम्रपाली पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायची. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

सकाळी अकराला मजकूर गेला. मॅनेजर वसुंधरा मॅडमनी तो सगळ्या लिहिणाऱ्यांना पाठवला; वर एकच ओळ, असं लिहीत जा. बाबा लगेच चपला घालून चहाच्या टपरीवर गेले. परत आले तेव्हा चौकातल्या निम्म्या माणसांना माहीत होतं की गुलाब फिटरच्या मुलीने मशीनला टॅग पाळायला शिकवलं.

दुपारी चाचणी झाली, खऱ्याच नोंदींवर. तीन वाजता कळलं की एका दवाखान्याच्या बत्तीस तक्रारी पुसल्या गेल्या. जुन्या होत्या, पण मिटलेल्या नव्हत्या. म्हणून त्यांना राखीवची खूण लावायचं ठरलं होतं.

तो एजंट पीयूषने बनवला होता. त्याला नोकरीत सहा महिने झाले होते. त्याचा फोन आला, “दीदी, राखीव का लेबल था ही नहीं. एजंटने तुमचंच वाचून केलं.”

मॅडमना सहापर्यंत लेखी उत्तर हवं होतं, आणि ते आम्रपालीने द्यायचं होतं, कारण खुणा लावायच्या होत्या तिनेच. ज्याची चूक त्याची नोकरी जाणार, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं.

राखीव ठेवायच्या तक्रारींची यादी तिने उघडली. त्या बत्तीस तक्रारी दुसऱ्या पानावर होत्या. खुणा लावताना ते पान तिने उघडलंच नव्हतं.

खूण लावल्याची नोंद त्या-त्या तक्रारीतच राहते. तक्रार पुसली की तीही पुसली जाते. आता कोणालाच काही तपासता येणार नव्हतं. तिच्या शब्दासमोर फक्त पीयूषचा शब्द होता.

तिने बाबांना सगळं सांगितलं. ते खाटेच्या काठावर बसून ऐकत राहिले.

“खूण होती म्हनून लिहिलं, तर कोनी नाई इचारनार,” ती म्हणाली. “माया शब्दावर इस्वास हाये त्याईचा.”

बाबा उठून तिच्या टेबलाजवळ आले.

“सकाळी साऱ्याईले माया कागद वाचाले देला, बाबा. तुमच्या टॅगवरून लिहिला मी तो. आता मीच कोन्त्या तोंडानं सांगू, का खूण लावाची राह्यली?”

“अन् त्या पोराचं काय?”

“त्याले दुसरी नोकरी भेटन.”

“भय्याजीले नाई भेटली.”

“त्याची गोष्ट येगळी,” आम्रपाली म्हणाली. “त्यानं टॅग असून स्विच टाकला. पीयूष तं खरं बोलून राह्यला.”

बाबांनी कीबोर्ड हळूच तिच्या पुढ्यात सरकवला.

“लिही, खूण नव्हती,” ते म्हणाले. “भय्याजीबी खरंच बोलून राह्यला होता.”