मेंब्रेनवरचा पांढरा थर

धोंडाबाई गेली हे मानसिंगला भोरच्या डायलिसिस केंद्राच्या मागच्या अंगणात कळलं. बायकोला तिथं सोडून तो नेहमीसारखा स्टँडवर चहा घेऊन आला होता. नर्स प्रेरणा दारात आली आणि म्हणाली, "काका, आत या." तिच्या आवाजावरूनच तो समजला.

हृदय बंद पडलं, असं कागदावर होतं. मानसिंगला ते पटेना. शेवटच्या महिन्यात धोंडाबाईची जीभ अडखळत होती, हात थरथरत होते. जिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिनं एका संध्याकाळी चारचौघांत हाक मारली, "मानसिंग, दिवा लाव." शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. तो हसला नाही.

तेरावं उरकून तो केंद्रात गेला. बाकावर पाली गावची रतनबाई बसली होती, धोंडाबाईच्याच पाळीला डायलिसिस घेणारी. तिचीही जीभ अडखळत होती.

"पाण्यात कायतरी हाय," मानसिंग डॉक्टरांना म्हणाला. "म्या हितनं हलणार न्हाई."

शेवटी केंद्र बंद ठेवलं. पेशंट पुण्याला पाठवले आणि तिथूनच मिताली नावाच्या इंजिनिअर बाईंना बोलावलं.

मशिनच्या खोलीत रघुवीर घामाघूम उभा होता. टाकीतलं पाणी आरओच्या मेंब्रेनमधून, म्हणजे बारीक पडद्यातून, गाळून डायलिसिसला द्यायचं, हे त्याचं काम.

"पाणी कमी कधीपासून पडायला लागलं?" मितालीनं विचारलं.

"पावसाळ्यापासून, मॅडम. पाणी गढूळ येत होतं. फिल्टर बदलले, मेंब्रेन ॲसिडनं धुतली. थोडे दिवस बरं चालायचं, की परत प्रेशर चढायचं."

"आणि टीडीएस? गाळलेल्या पाण्यातले क्षार?"

"तोही वाढत होता."

"मग मशीन बंद का नाही केलं?"

"वर सांगितलं होतं. पण पेशंट रांगेत बसलेले. त्यांना कुठं पाठवणार?"

मितालीनं नळकांड्यातून मेंब्रेन ओढून काढली, कापली आणि सतरंजीसारखी जमिनीवर उलगडली. सगळ्या पदरांवर पांढरा, बुळबुळीत थर होता. तिनं त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. काही झालं नाही.

"चुना असता तर फेसाळला असता. माती तांबूस दिसली असती. शेवाळ असतं तर वास आला असता." तिनं थर बोटांवर चोळला. "तपासायला पाठवते, पण मला शंका नाही. ही तुरटी आहे. तिनं मेंब्रेन चोंदली. मग मेंब्रेन निकामी झाली आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम थेट पेशंटच्या रक्तात गेलं. जीभ त्यानंच अडखळत होती."

"तुरटी?" मानसिंग गोंधळला. "ती तर आमी पितो की, बाई."

"प्यायलेली बरीचशी पोटातून बाहेर जाते, काका. इथं पाणी रक्ताला भिडतं. इथं ती विष आहे."

मानसिंग रघुवीरकडं वळला. "हितली किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडं," रघुवीर म्हणाला. "पण मी नाही टाकली, काका."

"मग भुतानं टाकली व्हय रं? गाळ खाली बसंल, फिल्टर बदलायचा तरास वाचंल, म्हून टाकलीस."

"देवाशपथ नाही! टाकी मागं उघड्यावर आहे. कुणीही..."

"कोन येतंय तिथं? आजारी मानसं आन त्यांचं सोबती. ती टाकत्यात व्हय?" मानसिंगनं त्याची कॉलर धरली. "माझी बायको मारलीस तू."

दुपारी पोलीस आले. मानसिंगनं तक्रारीवर सही केली. रघुवीर जीपमध्ये चढताना एकदाच मागं बघून म्हणाला, "काका, त्या मला आईसारख्या होत्या." मानसिंगनं तोंड फिरवलं.

आठवड्यानं केंद्र पुन्हा सुरू व्हायचं होतं. नवी मेंब्रेन बसली होती. टाकी धुऊन टँकरनं भरली होती. बाहेर एवढंच पसरलं होतं की रघुवीरनं पाण्यात विष कालवलं.

त्या दिवशी मानसिंगचं तिथं काही काम नव्हतं. तरी धोंडाबाईच्या पाळीचा वार म्हणून आपल्या गावाहून, पासलीहून, तो सकाळीच निघाला. केंद्राला अजून कुलूप होतं. मागच्या अंगणात, टाकीशेजारच्या कट्ट्यावर रतनबाई बसली होती.

"या पाव्हणं. धरला म्हनं त्या मेल्याला."

"धरला."

"ब... बरं झालं. आता धोंडाबाईचा जीव थंड व्हईल."

मानसिंग तिच्या शेजारी टेकला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला.

"तुमी तिला हितं सोडून चहाला पळायचा," रतनबाई म्हणाली. "लई श... शिव्या घालायची तुमाला."

"आन तुमी ऐकायचा?"

"भर घालायचे की!"

दोघंही हसली. हसता हसता मानसिंगचे डोळे भरून आले.

"लई मायाळू बाई," रतनबाई म्हणाली. "निस्ती बसून ऱ्हायची न्हाई. कुलूप उघडायच्या आदी हितलं काम उरकायची. ती गेल्यावर म्या ते मोडू दिलं न्हाई."

"कसलं काम?"

रतनबाईनं थरथरत्या हातानं कमरेची चंची सोडली. "ती म्हनायची, रतने, एवढं गढूळ पानी आपल्या समद्यांच्या अंगात जायचं, सोच्छ नको व्हय? त्या मेल्यानं इख कालवलं, म्हून म्या आज तुरटीचं दोन खडं आनल्यात. उठवा जरा मला, पाव्हणं. टाकीत फिरवायचं तेवढं ऱ्हायलंय."