उजेडाची बाही

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मृदुलाचा हात सुजला, म्हणून ती रोज घरीच त्यावर दवाखान्याने दिलेली, आतून उपचाराचा प्रकाश सोडणारी उजेडाची बाही चढवायची. दीड महिन्यात सूज उतरली, काखेतला ऑपरेशनचा व्रणही पुसला गेला. पण आज बाही काढल्यावर ती मनगटावर काहीतरी शोधू लागली.

"काय झालं गं?" दिगंबरने विचारलं.

"अहो, ओवीचा डाग गेला."

लेक आयुष्यातली पहिली पोळी भाजत असताना तिच्या हातातलं तापलेलं उलथनं मृदुलाला तिथे लागलं होतं. ओवीला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. नवा व्रण कोणता, जुना कोणता, हे त्या उजेडाला कळत नव्हतं.

दिगंबरने चष्मा लावून तिचा हात खिडकीशी धरला. कातडी नितळ होती.

"नक्की कुठे होता?"

मृदुलाने बोट टेकवलं, मग जरा सरकवलं. तिलाही सांगता येईना.