पाचवा ढीग

पठारावर धुकं उतरलं की दादाचा फोन ठरलेला, कारण घरी त्याची काळजी करणारी मी एकटीच. चुनखडीचं पठार ते. जिकडे पाहावं तिकडे सारखाच पांढरा दगड आणि पाण्याने पोखरलेली खोल विवरं. म्हणून वाटाड्यांनी वाटेभर दगडांचे छोटे ढीग रचून ठेवलेत. एका ढिगापाशी पोचायचं आणि पुढचा शोधायचा. दादा स्वतः वाटाड्या, तो म्हणतो, "धुक्यात डोळ्यांवर विसंबू नये, ढिगांवर विसंबावं."

आज दुपारीही त्याचा फोन आला.

"तायडे, तुझा आवाज येत नाहीये. माझा येत असेल तर ऐक. धुकं इतकं दाट आहे की मागचे अकरा जण मला नुसते ऐकू येतायत. वाट चुकली होती, तेवढ्यात ओळीने ढीग दिसले. अगदी नवे! कुणा देवमाणसाने रचलेत कोण जाणे, त्याचं भलं होवो."

"दादा, थांब! आहेस तिथेच थांब!" मी घसा फोडून ओरडले.

"काही ऐकू येत नाही गं. बरं, चार झाले, हा पाचवा समोरच दिसतोय. ठेवतो."

त्यानंतर फोन लागलाच नाही.



गेल्या रविवारी मैत्रिणींसोबत फोटो काढायला ते पाचही ढीग मीच रचले होते, आणि त्या फोटोत पाचव्याच्या मागे विवराचं तोंड काय सुंदर आलंय.