खालच्या फळीवरचा जोड

“गोळी घेतली का?” मालकांनी गल्ल्यावरून विचारलं. बुटांच्या दुकानात कामाला असलेल्या बाईला ते रोज सकाळी हेच विचारत. आज भर दुपारी विचारलं, कारण एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवून उठताना तिने फळीचा आधार घेतला होता.

दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती एका स्टुलावर टेकायची. ते दुकानाला शोभत नाही म्हणे. स्टूल माळ्यावर गेलं आणि त्या जागी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आली. वर मालकांचे उपकार, की ‘माझ्या खिशातून आणली’.

“काल रक्त तपासलं,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, काहीसुद्धा कमी नाही. डी आहे, बी बारा आहे, कॅल्शियम आहे. उठबस आणि उभं राहणं कमी करा म्हणाले. स्टूल तेवढं परत द्या.”

“बघा!” मालक दुकानभर ऐकू जाईल असं हसले. “कमी काही नाही, तरी पाय दुखतात! नाचता येईना, अंगण वाकडं.”

बाकावरची गिऱ्हाइकंही हसली. एका पायात बूट आणि दुसरा पाय मोकळा, अशी एक जाडजूड बाई बसली होती, तीही हसली. तो बूट आत्ताच हिने गुडघे टेकून तिच्या पायात चढवला होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ती गुडघ्यांतूनच वर जाते, हे तिला आज कळलं.

तिने अंगातला दुकानाचा निळा एप्रन काढला, खुंटीला अडकवला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसली. बाक मऊ होता. इतकी वर्षं ती लोकांना ‘बसा ना’ म्हणत होती, आणि तिला साधं एवढं माहीत नव्हतं! त्याचाही तिला राग आला.

“हे काय? उठा आधी.”

“गिऱ्हाईक आहे मी. सहा नंबर दाखवा, काळ्यातला. अगदी खालच्या फळीवर आहे.”

मालकांचे कान लाल झाले. ‘गिऱ्हाईक म्हणजे देव’ ही त्यांनीच रंगवून घेतलेली पाटी नेमकी तिच्या डोक्यावर होती.

“उद्यापासून येऊ नका.”

“नाही येत. आज आलेय ना? दाखवा.” तिने चप्पल काढून सुजलेला पाय पुढे केला.

आता कोणी हसत नव्हतं. एका बुटातली बाई त्या पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अहो भाऊ, दाखवा की त्यांना. आणि मग माझा दुसरा पण घाला, किती वेळ अशी बसू?”

दुकानात कामाला दुसरं कोणी नव्हतं. मालक गल्ल्यामागून बाहेर आले. आधी कमरेत वाकले, तरी हात पोचेना. मग एक गुडघा टेकला, तो कट्‌कन वाजला. खोकं हाताला लागलं, पण उठता येईना. त्यांनी फळीचा आधार घेतला.

तिला दया आली नाही. यावी असं वाटलंही नाही.

“गोळी घेतली का?” तिने विचारलं.