लाल गाडीचं गाऱ्हाणं

चकती फिरेना.

रितेशने हात पुसला, पुन्हा चिमटीत धरून जोर लावला. छे! मागच्या शॉकअपच्या बुडाशी असलेली ती सोनेरी चकती ठार बसली होती. संध्याकाळी कोल्हापूरचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. त्याआधी हा भारीतला शॉकअप काढून कंपनीचा जुना बसवायचा होता.

मोटरसायकल इटलीची, लालभडक. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत पाळ्या करकरून रितेशने ती घेतली होती, तीही दुसऱ्याने वापरलेली. तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी घडलेली ती गाडी इथल्या खड्ड्यांत हाडं खिळखिळी करायची. म्हणून त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, मागे हा नवा शॉकअप घातला. सगळं सेटिंग घरच्या अंगणात, स्वतःच्या हाताने केलं. तो गाडीवर बसायचा आणि वजनाने गाडी किती खाली गेली ते आई टेप धरून सांगायची. "दोन बोटं बसली," म्हणायची. "अगं, टेपावरचा आकडा सांग!" म्हणून तो ओरडायचा. पण गाडी अशी जमून आली, की नुसतं वळणाकडे बघावं आणि तिने वळावं.

आणि मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, देवरूखच्या वाटेवर, एका उखडलेल्या वळणावर ती वळलीच नाही. सरळ बाहेर गेली आणि त्याला घेऊन गवतात आडवी झाली. खरचटण्यावर निभावलं.

रितेशने चाकं तपासली, हँडल तपासलं. सगळं सरळ. तरीही पुढे प्रत्येक खडबडीत वळणावर गाडी तशीच बाहेर पळायची. सेटिंग त्याच्या हातचं, त्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मग उरलं कोण? तोच. आपला हात गेला, असं तो धरून चालला. कॉलेजात असल्यापासून ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला, तीच गेली. त्यानंतर कंपनीच्या बसमधून जातानाही वळण आलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

गाडी विकतोय म्हटल्यावर आई साखर वाटेल असं त्याला वाटलं होतं. ही गाडी पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत सलायची. पण आई नुसतं "बरं" म्हणून आत गेली. दसऱ्यानंतर ती तशी गप्पगप्पच होती. रोज सकाळी देवळात जाणारी बाई, तेही बंद झालं होतं. गुडघे दुखतात म्हणायची.

त्याने चकतीकडे पुन्हा पाहिलं. शॉकअप काढण्याआधी चकती पूर्ण बंद करायची आणि किती खटके वाजले ते मोजायचं, म्हणजे पुढच्याला सेटिंग सांगता येतं. ही त्याची नेहमीची रीत. इथे एकही खटका वाजत नव्हता.

म्हणजे चकती गंजली नव्हती. ती आधीच पूर्ण बंद होती.

रितेश फतकल मारून खालीच बसला. चाक खड्ड्यात दबलं की परत किती भरभर उठायचं, ते ही चकती ठरवते. ती बंद केली की दबलेलं चाक उठायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. गाडी मागे बसत जाते, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल कितीही वळवलं तरी गाडी आपली सरळ.

त्याने चकती उलटी फिरवली. कट, कट, कट. पूर्वीचे खटके त्याला पाठ होते. हेल्मेट चढवलं आणि भाट्ये गावापुढच्या चढावर, जिथे रस्ता पार उखडला होता, तिथल्या वळणात गाडी घातली.

गाडी वळली. त्याने परत फिरून पुन्हा घातली. पुन्हा वळली, अगदी पूर्वीसारखी. रस्त्याकडेला थांबून त्याने हेल्मेट काढलं आणि एकटाच मोठमोठ्याने हसला. छातीवरचा धोंडा उतरला होता. तिथूनच त्याने गिऱ्हाइकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं, त्याच्या चार शिव्या खुशाल ऐकून घेतल्या.

आई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, मागच्या सोनेरी चकतीला कोणी हात लावलेला?"

"मीच की. दसऱ्याला गाडी पुसत होते, तर ती टोपी कटकट करत फिरत होती. म्हटलं, ढिली झालीय, वाटेत पडायची कुठंतरी. चांगली आवळून ठेवली." तिचे हात थांबले. "का रे?"

त्याने सांगितलं. आईचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्यामुळं पडलास तू?"

"माझ्यामुळं. निघायच्या आधी सेटिंग बघायचं असतं, मी बघितलं नाय."

आता ही रडणार, असं त्याला वाटलं. पण आईने एवढा मोठा श्वास सोडला, की मांडीवरचं सूप कलंडलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"नवरात्रात गुरवाकडून गाऱ्हाणं घातलेलं मी. माझ्या पोराच्या हातनं ही गाडी सोडव म्हणून. आणि लगेच तू पडलास. वाटलं, देवानं माझं ऐकूनच पाडलंन तुला. कुठच्या तोंडानं जाणार होते देवळात?"

सांडलेल्या शेंगा तशाच टाकून ती उठली. गुडघ्यांना हातही न लावता पायऱ्या उतरली आणि चपला शोधू लागली.

"देवानं माझं ऐकलंनच नाय रे, बाबू! चल, काढ ती गाडी. देवळात सोड मला."