रोशनाराचा लाल माठ

रोशनाराच्या परसातला माठ बघायला अख्खं गाव यायचं. एकेका पानात लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग. बोरिशालच्या नदीकाठच्या चिखलात नजर खिळवून ठेवणारे. आठवडाभर ती रोज त्याचीच भाजी रांधत होती आणि नवऱ्याला, मोकसेदला, कौतुकानं वाढत होती.

त्या सकाळी मोकसेद पांढराफटक पडून अंगणात आला.

"अगं, लघवी लाल झालीय. रक्तासारखी."

रोशनारानं लगेच त्याला नावेत बसवलं आणि स्वतः वल्हं मारत दवाखाना गाठला.

"रात्री काय जेवलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाल माठ. रोज वाटीभर खातात," तीच बोलली.

डॉक्टर हसले. "मग भाभी, हा रंग भाजीचा. निवांत घरी जा."

परतताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवढं घाबरवलंत हो मला!"

मोकसेद हसला नाही.

"नाव मागे वळव," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही गं. आठ दिवस ती भाजी मी गुपचूप बदकांना घालतोय."